मामा, बालगंधर्व आणि अर्धं नाटक

पुण्याला जाऊन बालगंधर्वला नाटक बघायचं, एवढाच बेत होता. साडेपाचचा प्रयोग, तीन तिकिटं: मामा, मामी आणि मी. नगर ते पुणे १२० किलोमीटर. बाराला निघायचं, चारला जंगली महाराज रस्त्यावर निवांत चहा प्यायचा, असा माझा हिशेब होता. हिशेबात मामा धरायचे राहून गेले.

एस.टी.च्या पाटीवर आता अहिल्यानगर आलं असलं तरी मामांच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि तोंड सहसा बंद नसतं. स्वस्तिकच्या स्टँडवरून गाडी हलली, तसं त्यांनी खिडकीतल्या पाहुण्याला गाठलं.

"१ जून १९४८. पहिली एस.टी. धावली ती ह्याच रस्त्यानं. पुणे ते नगर."

"म्हणजे पुण्याची गाडी," पाहुणा म्हणाला.

"अहो, नगर नसतं तर ती निघून गेली कुठं असती?"

पाहुण्यानं डोळे मिटले ते थेट शिक्रापूरला उघडले. पुढे वाघोलीला गाडी पाऊण तास एकाच होर्डिंगसमोर उभी राहिली. होर्डिंगवरच्या बिल्डरशी आमची घरोब्याची ओळख झाली, तेव्हा मामी म्हणाली, "मला वाटतं ही तीच ४८ सालची गाडी. अजून पोचतीये."

रंगमंदिराच्या आवारात शिरलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. ऐतिहासिक म्हटल्यावर मामीच्या डोळ्यांसमोर घुमट, झुंबरं वगैरे होती. समोर दिसली साधी, ऐसपैस इमारत, नाटकांचे बोर्ड आणि बोर्डांपेक्षा जास्त उत्साहानं भांडणारे रिक्षावाले. पण ह्या साधेपणामागे पु. ल. देशपांड्यांचं डोकं आहे. कोनशिला बसवली ती खुद्द बालगंधर्वांनी, १९६२ साली. उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, म्हणजे त्यांच्या वाढदिवसाला. पण ते त्याआधीच, जुलै १९६७ मध्ये गेले होते. हे वाचलेलं होतंच, तरी तिथं उभं राहिल्यावर घशात जरा अडकलं. आता ही वास्तू पाडून नवी बांधायची भाषा मधूनमधून होते. त्यामुळे मी दर वेळी 'शेवटचं बघून घेऊ' म्हणून येतो. असं माझं चार-पाचदा शेवटचं बघून झालंय.

आत बालगंधर्वांची दोन पूर्णाकृती चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. मामी दुसऱ्यापुढे खिळली. एके काळी महाराष्ट्रातल्या बायका ह्या माणसाचं बघून नेसायला, नटायला शिकल्या म्हणतात. तिनं पदर बघितला, दागिने बघितले, मग मामांच्या शर्टाच्या चुकलेल्या बटणाकडे बघितलं. काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती.

मामांचं लक्ष मात्र चित्रकाराकडे. "गोपाळ देऊस्कर! जन्म १९११, गाव नगर!" आवाज असा की बुकिंगच्या खिडकीतल्या माणसानंही मान वर केली. मग सदाशिव अमरापूरकर आले, मधुकर तोरडमल आले ("नगर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे!"), शाहू मोडकांचा कृष्ण आला. भोवती सात-आठ जण जमले. पहिली घंटा झाली.

"देऊस्कर लहानपणीच काकांकडे हैदराबादला गेले होते ना?" मी हळूच म्हणालो.

"नगरला राहिले नाहीत, म्हणून मोठे झाले," मामी.

दुसरी घंटा. मामा आता नेहरूंना घेऊन नगरच्या किल्ल्यात शिरले होते. तिथून माणूस लवकर सुटत नाही. खुद्द नेहरूंना जवळजवळ तीन वर्षं लागली. गर्दी पांगली. उरले एक पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा, खांद्याला शबनम. सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "असेल. चित्रकार तुमचा असेल. चित्रं मात्र पुण्यात आहेत."

आणि आत निघून गेले.

मामांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द येत नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं, असं मामीनं नंतर सांगितलं. त्या धक्क्यात तिसरी घंटा कुणालाच ऐकू आली नाही. दारं बंद झाली. अंधारात कुणाच्या पायांवर पाय देत आत घुसायचं नाही, ह्या बाबतीत मामा कडक. त्यामुळे पहिला अंक आम्ही बाहेर बसून ऐकला, म्हणजे आतला हशा ऐकला आणि कशावर असेल त्याचा अंदाज बांधला. मध्यंतरात बटाटेवडे खाल्ले. दुसऱ्या अंकात नवरा कोण आणि भाडेकरू कोण हे कळेपर्यंत पडदा पडला.

परतीच्या गाडीत मामा गप्प. वाघोली गेलं, शिक्रापूर गेलं. साडेअकराच्या सुमारास शिरूर मागं पडलं आणि गाडी घोड नदीच्या पुलावरून आपल्या जिल्ह्यात आली, तसे ते ताडकन उठून बसले.

"त्याला म्हणायला पाहिजे होतं, चित्रं ठेवा तुमच्याकडं, चितारी आम्ही पाठवला!"

कंडक्टरनं वळून बघितलं.

"आता काय उपयोग?" मी म्हणालो.

"पुढच्या महिन्यात परत जाऊ. म्हातारा नाटकवेडा दिसत होता, येणारच."

"जाऊ," मामी डोळे न उघडता म्हणाली. "पहिला अंक राहिलाच आहे."