साक्ष्य अधिनियमाचे अध्ययन: अभियोक्तापदाच्या उमेदवारांस काही सूचना

सहायक सरकारी अभियोक्तापदाची परीक्षा देऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या साहेबाने रचलेला आणि १ सप्टेंबर १८७२ पासून अंमलात असलेला पुराव्याचा कायदा १ जुलै २०२४ रोजी रद्द झाला असला, तरी त्याच्या १६७ कलमांपैकी बहुतेक सारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १७० कलमांत केवळ क्रमांक बदलून नांदत आहेत. आणि त्या तारखेस प्रलंबित असलेले खटले जुन्याच कायद्याने चालणार असल्यामुळे दोन्ही क्रमांक पाठ करणे प्राप्त आहे. तेव्हा कपाळास हात लावण्यात वेळ न दवडता वहीत दोन रकाने आखावेत.

मूळ अधिनियम विकत घ्यावा, आणि तो वाचावा. या दोन क्रिया भिन्न आहेत.

अभ्यासिकेत जागा निवडताना मात्र विशेष सावधगिरी बाळगावी. प्रत्येक अभ्यासिकेत पंख्याखालची खुर्ची वर्षानुवर्षे राखून असलेले एक गृहस्थ असतात. आमच्याकडे त्यांना दादा म्हणतात. परीक्षेची तारीख, जागांची संख्या, प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचे गाव, यांपैकी कोणतीही गोष्ट आयोगास ठाऊक होण्यापूर्वी दादांस ठाऊक असते. मौखिक पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे, पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगितली पाहिजे, हे कलम ५५ (जुने ६०) सकाळी घोकणारे पंधरा-वीस विधिपदवीधर दुपारी दादांच्या ‘आतल्या माणसा’च्या हवाल्यावर गावी जाण्याचे आरक्षण रद्द करतात, हे दृश्य स्टीफनसाहेबाने पाहिले असते तर त्याने राजीनामा दिला असता. ऐकीव गोष्टीस मृत्युपूर्व जबाबाचा अपवाद आहे खरा, आणि आपल्याकडे इंग्लंडप्रमाणे सांगणाऱ्यास मृत्यूची चाहूल लागलेली असण्याचीही अट नाही. परंतु तो माणूस पुढे मरावा तरी लागतो, आणि दादांची प्रकृती उत्तम आहे. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारता येतात, म्हणून ‘हे तुम्हांस कोणीच सांगितले नाही, खरे ना?’ असे एकदा विचारून पाहावे. दादा चहा मागवतात. पूर्वीच्या लेखी जबाबाशी विसंगती दाखवावी म्हटले, तर दादा लिहून काही देत नाहीत. मोबाइलवर फिरवलेले ‘अधिकृत परिपत्रक’ त्यांनी दाखविल्यास कलम ६३ खालील प्रमाणपत्र मागावे. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते अनिवार्य ठरविले, आणि नव्या कायद्यात तर त्याचे दोन भाग असून दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा आहे.

कलम २३ चे परंतुक, म्हणजे ज्यास कोर्टाच्या आवारात आजही ‘सत्तावीस’च म्हणतात ते, सोदाहरण शिकावे. पोलिसांपुढील कबुली सिद्ध करता येत नाही. परंतु कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून काही वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या शोधाशी निकट संबंध असलेला तेवढाच भाग ग्राह्य. समजा, एखाद्या उमेदवाराचा मूळ अधिनियम गहाळ झाला आणि कोठडीतले दादा म्हणाले, ‘ते पुस्तक मी उचलले, त्यावर दोन रात्री जागलो, ते गच्चीतल्या टाकीमागे ठेवले आहे, दाखवतो.’ पंच निघाले, पुस्तक निघाले. आता पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली सांगितल्याप्रमाणे उघडकीस आलेली गोष्ट म्हणजे नुसते पुस्तक नव्हे, तर ते जिथून निघाले ती जागा आणि त्या जागेचे आरोपीस असलेले ज्ञान. ‘ठेवले आहे’ एवढे घ्यावे, ‘उचलले’ आणि ‘जागलो’ ही वाक्ये वगळावीत. पंचनामा लिहिणारा जमादार ती हमखास लिहितो. सरकारी वकिलाने ती वाचताना डोळ्यांवरून जाऊ देऊ नयेत, बचावाचा वकील जाऊ देणार नाही.

खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य, १९५८: विश्वासार्ह मृत्युपूर्व जबाबास पुष्टी लागतेच असे नाही. पाठ करावे.

शरद बिरधीचंद सारडा, १९८४: परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे. तीन आठवतात, राहिलेली दोनच विचारतात.

साक्षीदारांची विशिष्ट संख्या लागत नाही, हे कलम १३९ फावल्या वेळी वाचावे.

राहता राहिला माफीचा साक्षीदार. जुन्या १३३ नुसार त्याच्या पुष्टीविना दिलेल्या साक्षीवर झालेली शिक्षा केवळ तेवढ्याने बेकायदा ठरत नसे, आणि ११४ चे दृष्टांत मात्र पुष्टीवाचून त्यावर विश्वास ठेवू नये असे सुचवीत. एक कायदा, दुसरे शहाणपण. नव्या १३८ मध्ये ‘पुष्टी मिळालेली’ साक्ष असा शब्दबदल झाल्याने हा जुना तंटा कुठवर मिटला, याचा उलगडा कोणत्याही शिकवणीवर्गात मला धडपणे ऐकावयास मिळाला नाही. तो दादांनी केला, टपरीवर, उभ्याउभ्या, दोन्ही कलमे शब्दशः म्हणून दाखवीत, आणि मध्ये कोणी तारखेचा विषय काढला तेव्हा त्यास हाताने थोपवून. त्या वेळी वही जवळ ठेवावी, आणि चहाचे पैसे आपण द्यावेत.