सॅगवाले सर

भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, खुद्द बिदर किंवा कलबुर्गी. यांतल्या कुठल्याही गावात संध्याकाळी एखादा चाळिशी ओलांडलेला गृहस्थ डोक्यावर हेल्मेट, पाठीला पाण्याची पिशवी अशा थाटात अंगणातल्या उभ्या सायकलवर बसलेला दिसला, तर वाटेतून बाजूला होण्याची गरज नाही. तो कुठे निघालेला नाही. तो सॅग मोजतोय. पेशाने तो प्राध्यापक असेल, विमा एजंट असेल, नाहीतर पाटबंधारे खात्यात असेल. गल्ली त्याला सरच म्हणते.

सरांनी माउंटन बाइकला पुढचा नवा चिमटा, म्हणजे फोर्क, घेतलाय. आत स्प्रिंगऐवजी हवा असलेला. त्याची खरी किंमत दोघांनाच ठाऊक आहे, सरांना आणि कुरिअरवाल्याला. घरी निम्मी सांगितलीय आणि तीही जास्त वाटलीय. पहिला चिमटा परत पाठवावा लागला, कारण त्याची नळी वर बारीक आणि खाली दीड इंच निघाली, आणि सरांच्या फ्रेमचं भोक वरपासून खालपर्यंत एकसारखं. दुसरा बसला. मिस्त्रीने जुन्या चिमट्यावरचा कोन छिन्नी लावून ठोकून काढला, तेव्हा सर दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मग नळी कापायची वेळ आली. नव्या चिमट्याची नळी लांबच येते, ती फ्रेमच्या मापाने कापून घ्यायची असते. मिस्त्रीने करवत उचलून विचारलं, "काटूँ क्या सर?" सर ओरडले, "नक्को, नक्को!" कापलेली नळी पुन्हा वाढत नाही, हे त्यांनी वाचलं होतं. तेव्हा हॅण्डलखाली एकावर एक रिंगा चढवल्या गेल्या आणि आता ते हॅण्डल बिदरच्या गवानाच्या मदरशाच्या उरलेल्या मिनारासारखं दुरून दिसतं.

आता सॅग. आपण सायकलवर नुसतं बसलो की चिमटा जितका दबतो, तितकं ते माप. 120 मिलिमीटरचा चिमटा असेल तर वीस टक्क्यांनी 24 मिलिमीटर. त्यासाठी चिमट्याच्या चकचकीत नळीवर एक रबरी रिंग असते. ती खाली सारायची, पूर्ण पोशाखात अलगद बसायचं, अलगद उतरायचं, आणि रिंग किती वर सरकली ते मोजायचं. हे "अलगद" सरांच्या देहाला झेपत नाही. उतरताना झोक गेला की रिंग टुणकन वर, की पुन्हा पहिल्यापासून. एका बाजूने मुलगा सायकल धरतो, दुसऱ्या बाजूने शेजारचे काका. माप घ्यायला बाई शिवणाची टेप घेऊन वाकतात. "अहो, सव्वीस." "चोवीस पाहिजेत." "मग रात्रीची एक भाकरी कमी खा, येतील चोवीस." हा सल्ला शास्त्राला धरून आहे, तरी सर पंप मागवतात.

सरांचा खरा शत्रू हा पंपच. वीतभर लांब, हातात मावणारा, वर काटा असलेला. सर रोज तो लावून हवा "फक्त बघतात". पंप जोडला की चिमट्यातली थोडी हवा पंपाच्या रिकाम्या नळीत शिरते आणि काटा कालच्यापेक्षा खाली दिसतो. सरांना वाटतं, गळती! मग ते भरतात. उद्या पुन्हा बघतात. पुन्हा गळती. गेला पावसाळाभर या न गळणाऱ्या चिमट्याचा घरात आजाऱ्यासारखा उल्लेख होत होता.

उन्हाळ्यात तर विचारू नका. सकाळी पंचवीस अंशांना भरलेले 80 पीएसआय दुपारच्या बेचाळीस अंशांत पंच्याऐंशीपर्यंत जातात. म्हणून कलबुर्गीचे सर दोन वह्या ठेवतात, एक सकाळची, एक दुपारची. बिदरचे सर वरून मातीही धरतात: हुमनाबादकडच्या खडबडीत लाल जांभ्यासाठी हवा कमी, डांबरी सडकेसाठी जास्त. भालकी-औरादच्या काळ्या रानासाठी मात्र वहीत रकानाच नाही. पावसात ती माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचंच थांबतं. तिथे चिमटा कितीही भारी असला तरी सायकल खांद्यावर घेऊनच यावं लागतं.

चिमट्याच्या उजव्या पायाच्या तळाशी लाल बटण असतं. दबलेला चिमटा किती वेगाने वर यावा, ते त्याने ठरतं. फार वेगाने आला तर हॅण्डल उसळून हातात बसतं. फार सावकाश आला तर एकापाठोपाठच्या खड्ड्यांत तो दबलेलाच राहतो. हे कळायला मारुतीच्या देवळाच्या पायरीवरून सायकल उतरवायची. सर उतरवतात, एक टिक फिरवतात, पुन्हा चढवतात. पुजाऱ्याला ती नवसाची फेरी वाटते.

कुणी हसलंच, तर सर 1990 सालात शिरतात. अमेरिकेत ड्युरँगोला जागतिक स्पर्धा झाली, नेड ओव्हरेंड रॉकशॉक्सचा चिमटा लावून जिंकला, त्याआधी असल्या चिमट्याला लोक हसतच होते. गोष्ट खरी आहे. फक्त ओव्हरेंड त्या दिवशी सायकल चालवत होता.

सरांनीही एकदा चालवली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि सगळी जनता शेतात भज्जी-आंबिलावर बसते. सरांनी जाहीर केलं, आपण सायकलवर येणार. घरचे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पुढे गेले. सर मागून आले, आणि खोटं कशाला बोला, झकास आले. बैलगाडीच्या चाकोऱ्या त्यांनी अशा गिळल्या की घरच्या आप्पांनीसुद्धा पागोटं सावरत मान हलवली. मग पंगत बसली. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, आंबिलाचे तांबे. उठल्यावर सरांनी सहज रिंग खाली सारली आणि सायकलवर बसून पाहिलं. एकतीस! पंप घरी.

परतताना सायकल ट्रॉलीत, चाकं वर करून उलटी, कारण तशी ठेवली की आतल्या स्पंजला तेल पोचतं. सर तिला धरून बसलेले. ट्रॅक्टर हाकणाऱ्या पुतण्याने विचारलं, "काका, याला सर्व्हिसिंग असतंय का?"

"असतं की. पन्नास तास चालली की."

"मग किती झाले?"

सरांनी बोटं मोजली. "अंगणातले धरून?"