जिमचे आश्रयदाते कसे व्हावे

जिमला जाऊन तब्येत सुधारायची असेल, तर हा मजकूर तुमच्यासाठी नाही. त्या विषयावर पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत आणि प्रत्येक सोसायटीत पहाटे पाचला उठणारे एक काका आहेत. हे मार्गदर्शन आहे ते वर्षाची फी एकरकमी भरून फेब्रुवारीपासून दिसेनासे होणाऱ्या सभासदांसाठी. हा वर्ग मोठा आहे, जिम त्याच्याच जिवावर चालते, आणि तरी त्याच्या वाट्याला घरच्यांच्या टोमण्यांपलीकडे काही येत नाही.

आधी थोडी तात्त्विक बैठक. (बैठक म्हणजे बसूनच. घाबरू नये.) कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं केलं, पैलवानांच्या खुराकाची सोय लावली. जोर-बैठका पैलवानांनी काढायच्या आणि खर्च दरबारानं उचलायचा, अशी सरळ वाटणी होती. पुढे संस्थानं गेली, पण वाटणी गेली नाही. कोथरूडच्या एखाद्या जिममध्ये संध्याकाळी सातला जो पोरगा आरशापुढे शंभर किलो उचलत असतो, त्याच्या डोक्यावरच्या एसीचं बिल, पायाखालचं रबर आणि त्याच्याकडे बघत उभ्या असलेल्या ट्रेनरचा पगार, यातला मोठा वाटा तुम्ही भरलेला असतो. सभासद सहाशे आणि ट्रेडमिल आठ, हे गणित तुम्ही घरी बसता म्हणूनच सुटतं. वाचनालयांच्या अहवालात अशा माणसांना आश्रयदाते म्हणतात आणि त्यांची नावं वेगळ्या पानावर छापतात. जिमवाले छापत नाहीत, कारण तुमचं नाव तिथे कुणाला आठवत नाही.

हे आपल्याकडचंच वेड आहे असं वाटून खंत करू नये. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या जिमच्या सभासदांची हजेरी तपासून 2006 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. महिन्याला 70 डॉलरहून अधिक भरणारी माणसं महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळा येत होती. म्हणजे एक फेरी 17 डॉलरच्या वर पडत होती. त्याच जिममध्ये दहा फेऱ्यांचा पास घेतला, तर एक फेरी 10 डॉलरला मिळत होती. सभासदत्व सोडणाऱ्यांनीही शेवटची हजेरी लावल्यावर सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ पैसे भरले होते. दानत ही कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही.

आता प्रत्यक्ष कृती. जिम निवडताना ती घरापासून पुरेशी लांब असावी. घराखालच्या जिममध्ये नाइलाजानं जाणं होऊ शकतं. वाटेत एक मोठा सिग्नल आणि एक बरं अमृततुल्य असेल, तर उत्तम. दुचाकी लावायला जागा नसेल, तर त्याहून उत्तम. पहिल्याच आठवड्यात ‘पार्किंगच मिळत नाही हो’ हे वाक्य तयार होतं आणि ते वर्षभर पुरतं.

प्रवेशाच्या दिवशी तुम्हाला काचेच्या केबिनमध्ये बसवतील. त्याआधी बूट-मोजे काढून एका यंत्रावर उभं करतील. पायाखाली थंडगार पत्रे, हातात दोन मुठी. ते यंत्र अर्ध्या मिनिटात बँकेच्या पासबुकासारखी पट्टी छापून देतं: चरबी इतके टक्के, स्नायू तितके टक्के, आणि सर्वांत खाली शरीराचं वय, जे जन्मदाखल्यावरच्या वयापेक्षा हटकून जास्त असतं. समोरची मुलगी तोवर तुम्हाला ‘सर’ म्हणत असते. पट्टी हातात आली की ‘काका’ म्हणते.

मग ती एक कागद पुढे ओढते, त्यावर 36,000 लिहिते आणि खोडते. खाली 24,000 लिहिते, तेही खोडते. मग 18,000 लिहून त्याभोवती दोनदा गोल काढते आणि पेन तुमच्या बाजूला वळवून ठेवते.

“काका, ही ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे.”

“अगं पण आधी चार दिवस येऊन बघतो ना.”

“बघा ना! पण उद्या हाच रेट सिस्टीम घेणार नाही.”

भिंतीवर ऑफरचा कागद असतो. त्यावर तारखेच्या जागी पांढरी पट्टी चिकटवून नवी तारीख लिहिलेली असते, आणि नीट पाहिलं तर त्या पट्टीखाली आणखी एक पट्टी असते. आश्रयदात्यानं तिकडे पाहू नये. महिन्याची फी विचारू नये. विचारलीच तर ती अशी सांगतात की वर्षाची फी म्हणजे बक्षीस वाटावं.

करानंही आता हात सैल सोडला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. पूर्वी 18,000 वर 21,240 मोजावे लागत, आता 18,900 लागतात. म्हणजे न जाण्यात वर्षाकाठी 2,340 रुपयांची बचत. मात्र जागेच्या भाड्यावर आणि यंत्रांवर मालकानं भरलेला कर त्याला आता वळता करून मिळत नाही. तो बोजा पुढच्या वर्षीच्या फीत कुठून तरी डोकावेल, अशी तयारी ठेवावी.

पैसे भरल्यावर फेरीचा दर काढावा. वर्षातून दोनशे दिवस जाणाऱ्याला 18,900 रुपयांत एक फेरी साडेचौऱ्याण्णव रुपयांना पडते. इतक्या स्वस्तात मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही. बारा वेळा गेलात तर फेरीला 1,575 रुपये, म्हणजे नाटकाच्या पहिल्या रांगेत दोघांनी बसून मध्यंतरात बटाटेवडाही होईल. एकदाच गेलात तर विचारायलाच नको. एवढी महाग घामाची धार पुण्यात दुसऱ्या कुणाची नसेल.

साहित्याची खरेदी थोडक्यात उरकतो. बूट घ्यावेत, ते पुढे भाजी आणायला उपयोगी पडतात. शेकर घ्यावा, त्यात ताक चांगलं होतं. प्रोटीन पावडरचा दोन किलोचा डबा घ्यावा. एका चमच्यात साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात आणि 100 ग्रॅम फुटाण्यांत 20 च्या आसपास, पण फुटाण्यांना असा झाकणाचा डबा मिळत नाही. पावडर संपो वा टाकून द्यावी लागो, डबा टिकतो, आणि पुढची दहा वर्षं त्यात इंद्रायणी तांदूळ सुखानं नांदतो. पर्सनल ट्रेनरचा आग्रह होईल. तिथे मात्र थोडं सबुरीनं घ्यावं. बिचाऱ्याचा मूळ पगार बेताचा असतो, पोट त्या कमिशनवर असतं, म्हणून तो फोन करतो. आणि ज्याचा रोज फोन येतो त्याला टाळणं जड जातं.

आता मुख्य विषय, गैरहजेरीची आखणी. आळशी माणूस नुसता जात नाही. आश्रयदात्याकडे कारण असतं, आणि मराठी पंचांगानं त्याची बारमाही सोय करून ठेवली आहे. जानेवारीचा पहिला पंधरवडा जावं, कारण तेव्हा सगळेच जातात आणि फोटो चांगले येतात. मग संक्रांत. तिळगूळ नाकारून नाती तोडायची का? फेब्रुवारी-मार्चात मुलांच्या परीक्षा. दहावीला मुलगा बसलेला असताना बाप डंबेल उचलतो आहे, हे बरं दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई आणि उकाडा. जिमचा एसी एकाच कोपऱ्यात लागतो आणि त्या कोपऱ्यात आधीच कुणीतरी पोटाचे व्यायाम करत आडवं असतं. शिवाय आमरस. दोन वाट्या आमरसानंतर धावणं आयुर्वेदाला मान्य नसावं.

जूनमध्ये पाऊस. आषाढी आली की एकादशी दुप्पट खाशी. आषाढाचा शेवट ज्यांना जसा करायचा तसा ते करतात, तपशिलात शिरायला नको, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. श्रावणात उपासामुळे अशक्तपणा असतो. साबुदाण्याच्या खिचडीनं तो जात नाही, वाढतोच. कारण तिच्यानंतर झोप येते. गणपतीचे दहा दिवस तर हक्काचेच. ढोल पथकात असाल, तर कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रोडवरून तासन्‌तास चालणं हा असा व्यायाम आहे की त्यापुढे जिम म्हणजे बालवाडी. तो फुकट होतो, हे मात्र कुणाला सांगू नये. पितृपक्षात नवं काही सुरू करत नाहीत. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी असाल तर ट्रेडमिलवर घेणार नाहीत. दिवाळीत फराळ असतो, आणि घरचा फराळ संपला तरी लोकांकडचा यायचा असतो. तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा लग्नसराई. डिसेंबरात ‘आता एकदम एक तारखेपासूनच’ असं म्हणावं. समोरचा मान डोलावतो, कारण तोही तेच म्हणणार असतो.

मध्येच मेंबरशिप ‘फ्रीज’ करण्याची सोय असते. जे चालूच नाही ते काही काळ थांबवण्यासाठी लेखी अर्ज मागतात. जरूर करावा. त्या वर्षातली जिमसाठी केलेली ती सर्वांत ठोस हालचाल ठरते.

खरा धोका आहे तो फुकट किंवा नाममात्र पैशांत तंदुरुस्त राहणाऱ्यांचा. यांच्या संगतीनं चांगली चांगली माणसं फी भरायची थांबली आहेत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचंच घ्या. (साताऱ्याकडचं औंध, पुण्यातल्या औंधात आता जिमच जिम आहेत.) हा गृहस्थ स्वतः राजा. विलायतेहून हवी तितकी यंत्रं मागवणं त्यांना सहज परवडणारं. तर ते रोज सूर्यनमस्कार घालायचे, संस्थानातल्या शाळांतून पोरांकडूनही घालून घ्यायचे. लागतं काय? अंगाएवढी जागा आणि सूर्य. दोन्हींवर जीएसटी नाही. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरच्या काळात मल्लखांब नावारूपाला आणला. त्यात एक लाकडी खांब आणि त्याला चोळायला एरंडेल, एवढंच भांडवल. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आणि दादरला शिवाजी पार्कवरचं समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून लोकांना हलवतंय. अमरावतीचं पथक तर 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. अशा जागी शरीराचं वय छापणारी पट्टी मिळत नाही. मिळतो तो एक वयस्क शिक्षक, जो तुमच्याकडे नुसतं बघतो आणि म्हणतो, “उद्या या. चड्डी घालून या.” अशा माणसाला चुकवणं अशक्य असतं, म्हणून त्या गल्लीनंच जाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनाही यांनाच सामील आहे. प्रौढ माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण, एवढं पुरे, असं ती सांगते. रोजची जेमतेम बावीस मिनिटं. एवढ्याशा कामासाठी पर्वतीच्या पायऱ्या आहेत, वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, महापालिकेच्या बागेतली लोखंडी यंत्रं आहेत, ज्यांच्यावर आज्या एकमेकींना सुनांची हकिकत सांगत पाय झुलवतात. या आज्यांचे गुडघे तुमच्यापेक्षा बरे असतात, हे दृश्य टाळावं. सिंहगडाला मात्र हरकत नाही. आतकरवाडीहून घाम गाळत चढलात तरी वर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळून सगळा हिशोब फिट्टंफाट होतो.

सरकारचा कल तुमच्याच बाजूनं आहे, हेही लक्षात ठेवा. जुन्या करप्रणालीत आजार शोधण्याच्या तपासण्यांवर 5,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. आजार होऊ नये म्हणून भरलेल्या जिमच्या फीवर पैचीही मिळत नाही.

कुणी दुबळ्या मनाचे आश्रयदाते मध्येच पैसे परत मागतात. पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं आणि बहुतेक जण ते वाचून गप्प बसतात. खरं म्हणजे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्याय्य करारांविरुद्ध दाद मागता येते. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगाकडे तक्रारीचं शुल्कही नाही. जिमला एका रात्रीत कुलूप लागलं, आतली सायकलसुद्धा गायब झाली, तर हा रस्ता जरूर धरावा. नुसता कंटाळा आला असेल, तर सोसायटीच्या ग्रुपवर ‘मेंबरशिप देणे आहे, नऊ महिने शिल्लक, जवळपास न वापरलेली’ अशी जाहिरात टाकावी. घेणारा भेटतो. तो नवा आश्रयदाता.

वर्ष संपत आलं की नूतनीकरणाचा फोन येतो. इथे अंगचा भिडस्तपणा सोडावा. रोज येणाऱ्याला जिम दहा टक्के सूट देते. वास्तविक त्यानं वर्षभर पट्टे झिजवलेले असतात, शॉवरचं गरम पाणी संपवलेलं असतं आणि टॉवेल ओले केलेले असतात. तुम्ही यातलं काही केलं नाही. तेव्हा गैरहजेरीच्या प्रमाणात तीस टक्के सूट मागावी, वर दोन महिने जास्तीचे घ्यावेत, आणि जमलं तर बायकोलाही त्याच योजनेत आश्रयदाती करून टाकावं. मागणी फोनवरच उरकावी. जिम दुसऱ्या मजल्यावर असते, लिफ्ट बंद असते, आणि वर पोचेपर्यंत घासाघीस करायला दम उरत नाही.