नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

लग्नाचा व्हिडिओ आत्याला द्यायचाय. तिच्याकडे टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि तो तिला प्रिय आहे. म्हणून बर्निंग सॉफ्टवेअर हवं.

फुकट. केटररपुढे हात आखडला नव्हता, इथे मात्र दमडी सुटत नाही.

(लॅपटॉपला ड्राइव्ह आहे ना? हल्ली नसतो. आधी बघून घ्या.)

शोधायला बसलात की पानावर चार हिरवी 'डाउनलोड' बटणं दिसतात. खरं कुठलं? सगळ्यांत लहान असेल ते.

मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मधली बारीक टिक वाचली कोणी? संध्याकाळपर्यंत ब्राउझरवर अनोळखी टूलबार आणि 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' असं बजावणारा एक आगंतुक.

खोटं कुठे बोलत होता?

भल्याभल्या सॉफ्टवेअरचं हेच. जाणकारांच्या लाडक्या इम्गबर्नच्या २०१३ च्या आवृत्तीतही ओपनकँडी हा जाहिरातबाज पाहुणा शिरलाच. सीडीबर्नरएक्सपीने त्याच्याविना वेगळी फाईल ठेवली होती. ती शोधण्याइतका धीर असता, तर माणूस टिकही वाचता.

बरं, एवढा खटाटोप कशासाठी? विंडोजला एक्सपीपासून सीडी लिहिता येते, व्हिस्टापासून डीव्हीडी. विंडोज ७ पासून आयएसओ फाईलही (म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत) माउसच्या उजव्या बटणावर. घरात नळाला पाणी आणि आपण टँकरच्या रांगेत.

नळालाही खोड आहेच. विंडोज विचारतं, डिस्क पेनड्राइव्हसारखी हवी की प्लेअरसाठी? आपण पहिलं निवडतो आणि आत्याचा प्लेअर हात वर करतो.

दुसरं निवडलं तरी सुटका नाही. जुन्या प्लेअरला मोबाइलची एमपीफोर फाईल कळत नाही. त्याला 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर लागतो. तो बनवणारं डीव्हीडीस्टायलर वेगळं. तेही फुकटच. म्हणजे मंडळी आठवडाभर बर्निंग सॉफ्टवेअरची तुलना करत होती ती भलत्याच दुकानात.

डिस्कवर ४.७ जीबी छापलंय, कॉम्प्युटर ४.३८ च्या आसपास दाखवतो. दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. मापात पाप नाही, मापंच दोन.

शेवटी वेग. १६ एक्सच हवा. का? आत्याची एसटी सुटतेय?

आणि लिहिलेलं नीट उतरलं का ते तपासणारी 'व्हेरिफाय'ची टिक? ती मात्र आठवणीने काढतो. वेळ जातो म्हणे.