अकोल्याच्या स्थळाबद्दल

डायमंड बार, कॅलिफोर्निया
7 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि सौ. आईस,


वॉशिंग मशीन थांबेपर्यंत पत्र लिहून घेते, नंतर इस्त्रीचा ढीग आहेच. तुमचं पार्सल मिळालं. धापोड्यांचा पार चुरा झालाय, पण पोट्ट्यांनी त्यावर तेल-तिखट टाकून मुठीमुठीनं संपवला. अख्खे उरलेले गॅसवर भाजायला घेतले, तर छतावरचा अलार्म बोंबलला. जावई टॉवेलनं त्याला वारा घालत स्टुलावर उभे. अलार्म शांत झाला, मग धापोडे खाल्ले.

बाबा, आता तुमच्या फोनचं. "तुमच्या फायर ब्रिगेडच्या बाईंना काढलं म्हणे, आता तुमचं कसं?" असं तुम्ही विचारलंत. तो व्हिडिओ तुम्हाला बंडूकाकांनीच दाखवला असणार. बातमी फेब्रुवारीतली आहे. काकांकडे बातम्या बहुतेक रखडत जाणाऱ्या शकुंतला रेल्वेनं येतात. त्या बाई, क्रिस्टिन क्राउली, लॉस एंजेलिस शहराच्या दलाच्या प्रमुख होत्या. महापौरांनी त्यांना 21 फेब्रुवारीला हटवलं. आमचं गाव कौंटीच्या दलाकडे येतं. कौंटी म्हणजे जिल्हा समजा. चाळीस लाख माणसं आणि साठेक गावं एकाच दलाच्या भरवशावर. या दलाच्या साहेबांचं नाव अँथनी मरोन. लोकांनी निवडलेल्या पाच सुपरवायझरांचं मंडळ त्यांना नेमतं आणि जाबही तेच विचारतं.

या दलाच्या ध्येयात तीन गोष्टी ओळीनं येतात: आधी जीव, मग पर्यावरण आणि शेवटी मालमत्ता. वर हे सगळं तत्परतेनं, कुशलतेनं आणि कमी खर्चात. आपल्या आजीच्या यादीत पहिला नंबर दागिन्यांच्या डब्याचा होता, आजोबा स्वतःच्या पायानं बाहेर येतील असा तिचा हिशोब. इथे लाल गाडी बहुतेक वेळा आगीला नव्हे, छातीत दुखणाऱ्याकडे, पडलेल्या म्हाताऱ्याकडे धावते. समुद्रावर बुडणाऱ्यांना काढणारे जीवरक्षकही याच दलाचे.

कमी खर्च मात्र त्यांचा. आमचा ऐका. वणव्याच्या पट्ट्यात घर असलं की घराभोवती शंभर फूट साफ ठेवायचं, असा राज्याचा कायदा. पहिल्या तीस फुटांत वाळलेलं पान नको. त्यापलीकडे गवत चार इंचांच्या वर नको. चुलीच्या धुराड्यापासून फांदी दहा फूट लांब. आमच्या मागे उतार, त्यावर कमरेएवढं गवत. ते कापायला माणूस बोलावला, तर त्यानं सांगितले 2,200 डॉलर! जवळजवळ दोन लाख रुपये, बाबा. एवढ्यात तुमच्या संत्र्याच्या बागेचं वर्षाचं निंदण, डवरण, फवारणी होऊन वर बैलजोडीला झूल येईल. आम्ही दोघांनी विळे घेतले. शेजारच्या बाईंनी फोटो काढले. जावयांची कंबर अजून धरलेली आहे.

पण चिडले तरी कापलं. कारण यंदा 7 जानेवारीच्या संध्याकाळी ईटन कॅन्यन या दरीजवळ आग लागली, तेव्हा वारा इतका होता की विमानं उडू शकली नाहीत. अल्टाडेना गावात नऊ हजारांवर इमारती गेल्या, 19 माणसं गेली, बहुतेक सगळी पश्चिम भागातली. त्या भागाला "घर सोडा" हा आदेश पहाटे साडेतीनच्या सुमारास पोचला. सप्टेंबरात चौकशीचा अहवाल आला. त्यानं एका माणसावर बोट न ठेवता जुनाट नियम, अपुरी माणसं आणि आदेश नेमका कोणी द्यायचा याचा गोंधळ दाखवला. यादीत जीव पहिला लिहून भागत नाही, रात्री निर्णय घेणारा कोण हे दिवसा ठरलेलं लागतं.

डिसेंबरात बहिरमच्या जत्रेत हंडीच्या धुराचा वास आला की मला भूक लागायची. इथे सांता आना वारा सुटला आणि कुठून धूर आला की मी कागदपत्रांची बॅग शोधते. परवा रात्री आई, तुझी फार आठवण आली. फोन केला नाही, तू उगाच जागली असतीस.

नगरपरिषदेच्या निवडणुकीचा निकाल लागला की कळवा. बंडूकाकांनी प्रचारात किती चहा प्याला तेही कळवा.

आता मुख्य गोष्ट. पुष्पामावशीच्या छकुलीला अकोल्याचं स्थळ आलंय, मुलगा अग्निशमन दलात, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकलेला. आणि मावशी म्हणते, "रोज आगीत जाणारा जावई नको बाप्पा." मावशीला म्हणावं, ते कॉलेज केंद्राच्या गृहखात्याचं आहे, देशभरातले अधिकारी तिथे शिकायला येतात. आपल्या विदर्भातली एवढी मोठी गोष्ट, आणि आपण तिथल्या पोराला नाक मुरडतो. त्याला भेटायला बोलवा. पगार विचारायच्या आधी एवढंच विचारा, रात्री तीन वाजता साहेब फोन उचलत नसले तर तू काय करशील? सरळ उत्तर दिलं तर साखरपुड्याची तारीख काढा.

आणि बाबा, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेला पऱ्हाट्यांचा ढीग, वरून विजेची तार. तो उन्हाळ्याआधी तीस फूट लांब हलवा. मला फोटो पाठवा.

तुमची,
मंगल