तेल बदललंय, साहेब!

साताऱ्याच्या कुठल्याही शोरूममधून सर्व्हिसिंग करून बाहेर पडलेली गाडी लांबूनही ओळखू येते. ती धुतलेली असते. टायरना पॉलिश असतं, पायाखाली कागद अंथरलेला असतो, आतून मोगऱ्यासारखा कसलासा वास येतो आणि काचेच्या कोपऱ्यात पुढच्या सर्व्हिसची तारीख चिकटवलेली असते. मालकाला जे जे दिसणार, ते ते चोख. ज्या कामासाठी गाडी दिली होती, म्हणजे इंजिनातलं तीन-साडेतीन लिटर जुनं ऑइल काढून नवं भरणं, ते काम तेवढं दिसत नाही. बिलावर मात्र त्याला मानाचं पान असतं. ‘तेल बदललंय, साहेब, आता बिनधास्त पळवा,’ असं म्हणून सर्व्हिस अॅडव्हायझर किल्ली हातात ठेवतो आणि शेंद्रे यायच्या आत गाडीवाल्याच्या मनात पाल चुकचुकते: खरंच बदललं असेल का? ही शंका वेडगळ नाही. वेडगळ असतात त्या तिच्या निरसनासाठी सातारा ते सांगली या सव्वाशे किलोमीटरच्या रस्त्यावर आपण घेत जातो त्या परीक्षा.

पहिली परीक्षा कानाची. नागठाणे, अतीत ओलांडेपर्यंत रेडिओ बंद करून इंजिन ऐकलं जातं. महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं, बाजूने जाणारे ऊसवाले ट्रॅक्टर आणि त्यांच्यावरची गाणी या सगळ्यातून इंजिनाचा आवाज वेगळा काढणं भल्याभल्या गवयालाही जमणार नाही, पण गाडीवाल्याला जमतं. ‘सॉफ्ट वाटतेय,’ असं तो तासवड्याच्या टोलनाक्यावर जाहीर करतो. शेजारी बसलेली व्यक्ती ‘कालच्यासारखीच तर आहे’ म्हणते आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. सर्व्हिसिंगमध्ये चाकांत हवा भरली जाते, एअर फिल्टर झटकला जातो, आणि हजारभर रुपये जास्त गेले की कुठलंही वाहन काही काळ सॉफ्टच पळतं. त्यातलं ऑइलचं श्रेय किती, हे कानाला कळत नाही.

दुसरी परीक्षा कराडला, चहाच्या निमित्ताने. बॉनेट उघडायचं, डिपस्टिक काढायची, कागदाला पुसायची, परत घालून काढायची आणि रंग बघायचा. ऑइल काळं दिसलं की खटल्याचा निकाल लागला! खरं तर इथे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता भरपूर आहे. डिझेल इंजिनात इंधन जळताना काजळी होते, आणि चांगल्या ऑइलमधली रसायनं ती काजळी पोटात घेऊन तरंगती ठेवतात, म्हणजे ती इंजिनाला चिकटत नाही. शिवाय नट काढून ऑइल कितीही निथळू दिलं तरी थोडं जुनं आत, नळ्यांच्या वळणांत, राहतंच. त्यामुळे खरोखर बदललेलं ऑइलही डिझेल गाडीत बघता बघता काळवंडतं. काळं ऑइल हा फसवणुकीचा पुरावा नव्हे. कित्येकदा ते ऑइल आपलं काम करतंय याचाच पुरावा असतो. पेट्रोलवाल्यांचं तसं नाही. त्यांचं नवं ऑइल मधासारखं असतं आणि बराच काळ तसं राहतं; ते सर्व्हिसच्या दुसऱ्या दिवशीच डांबरासारखं दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे. पण शंकाच. आणि काठीवर ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं दिसलं, तरी त्यावरून काय कळतं? पाव लिटर वरून ओतलं तरी तेवढंच दिसतं.

या अडचणीला अर्थशास्त्रात चांगली वंशावळ आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी 1973 साली एक लेख लिहिला. त्याचं शीर्षकच ‘मुक्त स्पर्धा आणि फसवणुकीचं इष्टतम प्रमाण’ अशा अर्थाचं आहे, आणि त्यात गाडीदुरुस्तीचं उदाहरण आहे. काही माल घेण्याआधी पारखता येतो, काही वापरल्यावर कळतो, आणि काहीचा दर्जा वापरूनही कळत नाही, असा त्यातला मुद्दा. आपल्या भागात तिन्ही मिळतात. साताऱ्याचा कंदी पेढा चवीला हातावर ठेवून मिळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पण ती शंका एका हंगामात फिटण्यासारखी होती, कारण पीक डोळ्यांना दिसतं. 1910 साली त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर रानोरान गेले. ऑइल मात्र तिसऱ्या जातीचं. ते एकदा बदललं नाही म्हणून इंजिन काही कासेगावला बंद पडत नाही. झीज होते ती वर्षानुवर्षं, आणि बिल येतं तेव्हा गाडी बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नावावर असते.

इथे पेठ नाक्यावर हमखास एक समंजस माणूस भेटतो आणि म्हणतो, ‘एवढी मोठी कंपनी साडेतीन लिटरसाठी नाव घालवेल होय?’ युक्तिवाद वजनदार आहे, पण चुकीच्या माणसाचं वजन करतो. नाव कंपनीचं, नट खोलायचा आहे तो खड्ड्यात उभ्या पोराला, ज्याच्यापुढे संध्याकाळपर्यंत गाड्यांची रांग आहे. कंपनी प्रामाणिक असूनही काम राहू शकतं: लबाडीने, घाईने, किंवा जेवणाच्या सुट्टीआधी अर्धवट टाकलेली गाडी सुट्टीनंतर ‘झालेली’ ठरल्याने. त्यात बऱ्याच ठिकाणी ऑइल बॅरलमधून बंदुकीने भरतात, म्हणजे दाखवायला रिकामा डबाही उरत नाही. याउलट, बहुतेक वर्कशॉपमध्ये ऑइल इमानेइतबारे बदललं जातं हेही मला खरं वाटतं. ते बदलणं सोपं काम आहे आणि त्यात कंपनीचा नफाही आहे. पण बहुतेक गाड्यांचं बदलतात, यावरून या गाडीचं बदललं हे सिद्ध होत नाही.

मग पुरावा असतो कुठे? डावीकडे वळून आष्ट्याच्या रस्त्याला लागलं की विचाराला निवांतपणा मिळतो. पुरावा आपण बघतो त्याच्या बरोबर उलट्या टोकाला, गाडीच्या पोटाखाली असतो. ऑइल फिल्टरवर सर्व्हिसला देण्याआधी मार्करने बारीक खूण करावी. परत आल्यावर तीच खूण हसत असेल तर निदान फिल्टर तरी बदललेला नाही, आणि बिलात तो लावला असेल तर बोलायला जागा होते. चेंबरच्या नटावर धूळमातीचा जुना थर जसाच्या तसा असेल, तर तिथून ऑइल उतरलेलं नाही (काही ठिकाणी ते वरून नळीने ओढून काढतात, हे आधी विचारावं). हे सगळं सर्व्हिसच्या आधी सुचावं लागतं. नंतर सुचलं तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, सेवेतली त्रुटी त्यात बसते, साताऱ्यात आणि सांगलीतही जिल्हा आयोग आहे. पण त्रुटी आधी तक्रारदारानेच दाखवायची असते, आणि ‘आवाज सॉफ्ट नव्हता’ या साक्षीवर तिथे फारसं काही उभं राहत नाही.

सांगलीकराला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी पट्टीवर फुटांत मोजतात. 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या महापुरात ती 57 च्याही वर गेली. पण पाणी कोयनेतून सोडलेलं की मधल्या पावसाचं, हे सांगलीत कुणी त्या पट्टीला विचारत नाही. त्यासाठी धरणाच्या विसर्गाचे आकडे बघतात. डिपस्टिक ही ती पट्टी आहे. शोरूमकडे मागायचा तो विसर्ग: जुना फिल्टर पिशवीत घालून परत द्या, ऑइल उतरतानाचा फोटो मोबाइलवर पाठवा. सुरक्षेसाठी गिऱ्हाइकाला वर्कशॉपमध्ये सोडता येत नाही, हा त्यांचा आक्षेप मान्य. पण फोटोला हेल्मेट लागत नाही. फिल्टर घाण असतो, सीट खराब होईल, असंही सांगतात. ज्यांनी पायाखाली कागद अंथरलाय त्यांना आणखी एक कागद जड जाऊ नये.

एवढं होऊनही शंका उरलीच, तर सांगलीत भडंग घेता घेता दुसऱ्या गॅरेजचं मत घ्यायचा मोह होतो. तिथला मेस्त्री डिपस्टिक काढतो, दोन बोटांत ऑइल चोळतो, वास घेतो आणि मान हलवतो. ‘पाव्हणं, ह्ये बदललेलंच न्हाई.’ त्याचं मत खरंही असेल. फक्त त्याच्या पाठीमागच्या फळीवर नव्या ऑइलचे डबे ओळीने मांडलेले असतात, आणि मत फुकट असलं तरी डबा फुकट नसतो. तरीही घ्यायचाच असेल तर तिथलाच घ्यावा: नट आपल्यासमोर खोलला जातो.