पंचनाम्यातली पुस्तकं

एक साधं पोस्टकार्ड. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या घराची झडती झाली तेव्हा पोलिसांना ते मिळालं आणि राजद्रोहाच्या खटल्यात सरकार पक्षाने ते पुरावा म्हणून दाखल केलं. पुस्तकं सापडलीच नव्हती, सापडली होती फक्त त्यांची नावं. टिळकांचं उत्तर सरळ होतं : सरकारने स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा आणला आहे, त्यातल्या व्याख्येवर लिहायचं तर आधी विषय वाचायला हवा. कायदा ८ जूनचा, टिळकांना अटक २४ जूनला. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळक सगळे दिवस मिळून २१ तासांहून अधिक बोलले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेला गेले.

शिक्षा झाली ती 'केसरी'तल्या लेखांसाठी. मग ते कार्ड ज्यूरीपुढे कशाला ठेवलं? लेख लिहिणारा माणूस बॉम्ब करणाऱ्यांतला वाटावा म्हणून. कृत्य दाखवता येत नसलं की माणसाचं वाचन दाखवायचं, ही सरकारी वकिलीची फार जुनी चाल आहे. साहेब गेला, चाल इथेच राहिली.

ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनावर सुनावणी चालू होती. एल्गार परिषद प्रकरणात त्यांच्या घरातून जप्त झालेल्या साहित्याची यादी वाचली गेली आणि दुसऱ्या देशातल्या युद्धाविषयीचं 'वॉर अँड पीस' घरात का ठेवलं, असा प्रश्न न्यायासनाकडून आला. देशभर टॉलस्टॉयच्या नावाने विनोद सुरू झाले. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की पुस्तक टॉलस्टॉयचं नव्हतं, विश्वजित रॉय यांनी संपादित केलेलं जंगलमहालवरचं होतं. विनोद थांबले आणि लोकांना वाटलं, मिटलं प्रकरण. मला त्या दिवसापासून खटकतं आहे ते हेच. टॉलस्टॉय असता तर प्रश्न हास्यास्पद, आणि जंगलमहाल असेल तर रास्त? बंगालमधल्या माओवादी चळवळीवरचं, बंदी नसलेलं पुस्तक घरात का आहे, याचा खुलासा नागरिकाने न्यायालयात का द्यायचा? 'वाचायला' हे उत्तर पुरेसं नसेल, तर आपल्या प्रत्येकाच्या कपाटात काही ना काही अडचणीचं निघेल. माझ्या कपाटात तर पुष्कळ निघेल.

हा प्रश्न न्यायालयांनी सोडवलेला नाही असंही नाही. २०११ मध्ये डॉ. विनायक सेन यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने विचारलं होतं की गांधींचं आत्मचरित्र जवळ बाळगल्याने कुणी गांधीवादी ठरतो का. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी ज्योती चोरगे प्रकरणात सांगितलं की, ज्यावर कायद्याने बंदीच नाही असं एखाद्या विचारसरणीचं साहित्य जवळ असणं हा गुन्हा मानणं लोकशाही देशात धक्कादायक आहे. २०२१ मध्ये केरळातल्या दोन विद्यार्थ्यांना, एक कायद्याचा आणि एक पत्रकारितेचा, सर्वोच्च न्यायालयाने जामिनाचा दिलासा दिला. तिथेही पुस्तकं आणि पत्रकंच होती. आणि २८ जुलै २०२३ रोजी गोन्साल्विस आणि त्याच प्रकरणातले अरुण फरेरा यांना जामीन देताना न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस आणि सुधांशू धुलिया यांनी आणखी पुढे जाऊन लिहिलं : साहित्य हिंसेला प्रेरणा देणारं असलं तरी ते नुसतं जवळ असणं हा यूएपीएच्या (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या) चौथ्या आणि सहाव्या प्रकरणाखालचा गुन्हा होत नाही.

यापेक्षा स्वच्छ काय सांगायचं असतं?

पण तारखा पाहा. गोन्साल्विस यांना अटक २८ ऑगस्ट २०१८ ला, हा जामीन २०२३ च्या जुलैअखेरीस. जवळपास पाच वर्षं, आणि खटला उभाच राहिलेला नव्हता. यूएपीएत २००८ साली घातलेल्या कलम ४३ड(५) नुसार आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाकारायचा असतो. पुरावा किती कसाचा हे खोलात जाऊन तपासायची मुभा त्या टप्प्यावर न्यायाधीशालाही फारशी नसते. जप्तीच्या यादीला तिथे किंमत येते. खटल्याअंती तिच्यातून काही सिद्ध होवो न होवो, जामिनाच्या दिवशी ती 'सकृद्दर्शनी' म्हणायला उपयोगी पडते. पुस्तकांची नावं माणसाला दोषी ठरवत नाहीत, ती त्याला आत ठेवतात, आणि निर्दोष सुटलेल्या माणसाला ती वर्षं कुणी परत देत नाही.

'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांचं उदाहरण आपल्याच राज्यातलं. जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याला साहित्य संमेलन आटोपून परतताना त्यांना रेल्वे स्थानकावर अटक झाली. घरातली पुस्तकं जप्त झाली. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. तोवर तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. २०१८ मध्ये एल्गार प्रकरणात पुन्हा अटक, जामीन जानेवारी २०२५ मध्ये. त्यांची मतं मला पटतात की नाही याचा इथे काही संबंध नाही. एका संपादकाच्या आयुष्यातली जवळपास दहा वर्षं दोषसिद्धीवाचून तुरुंगात गेली, एवढं पुरे आहे.

आता एक प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा. बॉम्ब कसा करायचा हे पायरीपायरीने सांगणारी पुस्तिका घरात असेल तर? तीही 'वाचायला' म्हणून सोडून द्यायची? ब्रिटनमध्ये २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम ५८ अशा माहितीचा नुसता साठाही गुन्हा मानतं, आणि २०१९ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. मला ते कलम नको इतकं रुंद वाटतं. २००७ मध्ये हीथ्रो विमानतळावरच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणीला त्याखाली दोषी धरलं गेलं. तिच्या हिंसक कवितांचीच चर्चा खटल्यापेक्षा जास्त झाली. पुढच्या वर्षी अपिलात ती दोषसिद्धी रद्द झाली. पण त्याच काळात तिथल्या अपील न्यायालयाने आखलेली एक रेषा आपण उचलण्यासारखी आहे : कृत्य करायला प्रत्यक्ष हाताशी येईल अशी माहिती या कलमात बसेल, नुसता प्रचार बसणार नाही. मी त्यात एक अट घालीन. माहितीसोबत हेतू सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची. बॉम्बची कृती, जमवलेलं साहित्य, ठरवलेलं ठिकाण असं काही हाती असेल तर खुशाल खटला भरा. माओचं चरित्र, भगतसिंगांचे लेख, काश्मीरचा इतिहास हे त्या रांगेत बसवू नका.

काश्मीरचं नाव उगाच घेतलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने एका आदेशात २५ पुस्तकं सरकारजमा केली. त्यात ए. जी. नूराणी होते, अरुंधती रॉय यांचं 'आझादी' होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली असा आदेश निघाला की पोलिसांना प्रत जिथे दिसेल तिथून उचलता येते आणि प्रत असल्याच्या संशयावरून वॉरंट घेऊन झडती घेता येते. आदेशानंतर लगेच पुस्तकांच्या दुकानांत पोलीस शिरले. नूराणी मुंबईचे. आयुष्यभर कागदपत्रं धुंडाळून, तळटिपांसह लिहिणारे घटनातज्ज्ञ. त्यांच्याशी वाद घालायचा तर कागदपत्रांनी घालावा, शिपाई पाठवून घालू नये.

जप्तीविषयी महाराष्ट्राला तरी वेगळं सांगायला नको. सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथावर इंग्रजांनी १९०९ मध्ये तो प्रसिद्ध होण्याआधीच बंदी घातली. इंग्रजी प्रती 'पिकविक पेपर्स'सारख्या वेष्टनांत लपवून हिंदुस्थानात आल्या. बंदी उठली १९४६ मध्ये. मूळ मराठी हस्तलिखित आपल्या हाती आलं ते कुटिन्हो नावाच्या एका गोमंतकीय डॉक्टरांमुळे. त्यांनी ते परदेशात अनेक वर्षं सांभाळलं. सरकारच्या लेखी त्यांच्याकडे होतं ते धोकादायक, बंदी घातलेलं साहित्यच. त्यांनी भिऊन ते जाळलं असतं तर सावरकरांनी लिहिलेली मराठी संहिता आज आपल्याकडे नसती. सावरकरांचं नाव आदराने घेणाऱ्या सरकारांनी हे प्रकरण पुन्हा एकदा वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कारण आपल्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केलं आहे. संयुक्त समितीपुढे १२ हजारांवर सूचना आणि हरकती आल्या होत्या. व्याख्या थोडी आवळली गेली, पण बेकायदा कृत्यांत बोललेले आणि लिहिलेले शब्द राहिलेच, कायद्याची अवज्ञा करायला सांगणंही राहिलं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. ज्या मुलुखात मिठाच्या सत्याग्रहासाठी शिरोड्याला माणसं गेली, तिथे अवज्ञेचा प्रचार गुन्ह्यांच्या यादीत आहे. असा कायदा हातात असलेला तपास अधिकारी झडतीला आला की कपाटासमोर उभा राहून काय करील, याचा अंदाज बांधायला मागच्या पंधरा वर्षांचे पंचनामे पुरेसे आहेत.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि ती कोणत्याही पक्षाच्या आमदाराला पुढच्या अधिवेशनात मांडता येईल. ज्या पुस्तकावर किंवा नियतकालिकावर अधिसूचनेने बंदी नाही, ते झडतीत जप्त करायचं नाही, दोषारोपपत्राला जोडायचं नाही आणि जामिनाच्या सुनावणीत त्याचा उल्लेख करायचा नाही. तसं केलं तर तपास अधिकाऱ्याने त्याचं कारण लेखी द्यायचं आणि ते न्यायाधीशाने पहिल्याच तारखेला तपासायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जे निकालपत्रात लिहिलं, ते फक्त कायद्याच्या पुस्तकात आणायचं आहे. त्याला ना पैसा लागतो, ना नवं खातं.